फोनवर अबिसा

तेमा
४ मार्च

दाप्या,

आठवडाभर तुझा फोन लागत नाहीये. लागला तर व्यस्त, व्यस्त नसला तर तू उचलत नाहीस. आपण शाळेत असताना बाबांनी पत्रं लिहायची सवय लावली ती आता कामाला आली म्हणायची. हे पत्र क्वादवो ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. सोबत शितोची बरणी आहे. बरणीचं झाकण सैल असेल तर कळव, मागच्या वेळची अर्धी चटणी त्यानंच केळ्यांबरोबर संपवली होती.

आधी चांगलं सांगते. आपला ब्लॉग पोटाला लागला रे. तीन वर्षं मी 'दा यिये', म्हणजे मेलेल्याला 'नीट झोप' म्हणतात ते नाव देऊन, फुकट लिहिलं. मयताचं जेवण रांधून रांधून डोक्यात जे साचलं होतं ते सगळं तिथे ओतलं. बाप दवाखान्यात असताना औषधाला हात आखडणारी माणसं बाप मेल्यावर भिंतीएवढे भोंगे भाड्यानं आणतात. जिवंतपणी एक वाडगं सूप नाही, मेल्यावर तीन मंडप. लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, म्हणून लोक वाचायचे. मग वाचणाऱ्या बायकाच म्हणाल्या, 'बाई, लिहिता ते खरं, पण आमच्या घरचं मयत तुम्ही फोनवरून लावून द्या. कुठे थोडक्यात भागवायचं, नातेवाइकांना काय उत्तर द्यायचं ते सांगा. फी घ्या.' म्हणून सल्ल्याचं पान काढलं.

त्या पानाला नाव काय द्यायचं, त्या शब्दावरून आपण किती भांडलो आठवतं ना? मी लहानपणीच तेमाला आले, माझी बोली म्हणजे माशांच्या बाजारातली. तूच तपासून देतोस म्हणून ब्लॉग वाचण्यासारखा होतो. तू म्हणालास, 'अबिसा' लिही ताई, अबिसा म्हणजे विचारणं, शेंबड्या पोरालाही कळतं. मी लिहिलं आणि खाली तुझा नंबर टाकला, कारण दिवसा माझे हात पिठात असतात.

आता मला एक कळत नाही. माझ्याकडे मेलवर येणारे प्रश्न मोजके आहेत. जेवण किती करावं, शवागारात किती दिवस ठेवावं, सुतकाचं काळंलाल कापड सगळ्या खानदानाला घ्यायलाच हवं का. पण तुझ्या फोनवरची फी रोज येतेय, थांबतच नाही. एवढे लोक मंडपाबद्दल विचारतात तरी काय? त्यांचे प्रश्न लिहून पाठव. मी त्यांवर लेख करीन.

आणि दुफीमावशीचा भाऊ आन्त्वी गेल्याचं मला कुणीतरी तिसऱ्यानंच सांगितलं. तू कळवू नयेस? आई गेली त्या वर्षी रोज सकाळी आपल्या दोघांच्या हातात उकडलेलं कोनफळ आणि लाल तेलातली अळूची भाजी ठेवणारी तीच एक बाई होती. भावाचं घर सांभाळायला ती बेम्पोसोला गेली म्हणून काय परकी झाली? आसूक्रोमहून बेम्पोसो कितीसं लांब आहे! जाऊन ये. तिला सांग, मयताच्या जेवणाचं बिरागो बघेल, एक पैसा घेणार नाही.

तुझी ताई
बिरागो

•

आसूक्रोम
१५ मार्च

ताई,

शितो पोचली. झाकण घट्ट होतं, पण क्वादवोच्या मिशीला तेल होतं. तू ठरव.

बाई, तू फार प्रश्न विचारतेस. फी येतेय ना? मग झालं तर. लोक विचारतात ते बारीकसारीक असतं, त्यावर लेख कसले लिहितेस! बारीक प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकतो, मोठं काही आलं तर तुझ्याकडे पाठवतो. तुझे हात पिठात आणि माझे हात मोबाइलच्या पोटात, तरी मी एका कानाला फोन लावून काम करतोच.

तुला एक गंमत सांगतो. दुकानाला पांढरा रंग दिला आणि बाहेर फलक लावला : 'अबिसा. फोनवर किंवा समक्ष.' ताई, काय मान वाढलाय! काल-परवापर्यंत चार्जरसाठी माझ्याशी हुज्जत घालणारी माणसं आता चपला दाराबाहेर काढून आत येतात. बसा म्हटल्याशिवाय बसत नाहीत. कुणी अंडी आणतं, कुणी बाटली. परवा एक जण पांढरी कोंबडी घेऊन आला. मी म्हटलं, अहो, फीपुरतं द्या, कोंबडी कशाला? तर म्हणाला, रिकाम्या हातानं कसं यायचं? कोंबडी आता दुकानामागे आहे आणि वायरी कुरतडते.

मीही हल्ली पांढरा शर्ट घालतो. फलकाला शोभायला हवं ना.

दुफीमावशीकडे जायला सवड झाली नाही. बरी असेल. आन्त्वीच्या मयताला अजून अवकाश आहे, मुलं परदेशातून यायची आहेत म्हणतात, तोवर त्याला शवागारात ठेवलंय. जाईन एखाद्या रविवारी.

तुझा
दापा

•

तेमा
२ एप्रिल

दापा,

मूर्खा. नालायका. हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितेय, पहिलं पाठवण्यासारखं नव्हतं.

काल आमच्या शेजारची कोनादू आली. ती शीतगृहात मासे विकते, चार महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याचं मयत झालं, जेवण मीच केलं होतं. आली, दार लावलं, माझ्या समोर पैसे ठेवले आणि कुजबुजली, 'बिरागो, माझ्या माणसाला कुणी खाल्लं ते सांग.'

मला वाटलं मयताच्या जेवणाचा हिशेब मागतेय. मी म्हटलं, 'अगं, खाल्लं तर सगळ्या गल्लीनं. मीच नाही का वाढलं!'

ती दचकली. दाराकडे सरकली. म्हणाली, 'सगळ्या गल्लीनं?' मग रडायला लागली. मी तिला बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठे मला कळलं ती काय मागतेय. आणि कळलं तेव्हा ती माझ्यावरच डाफरली, 'तुझ्याच ब्लॉगवर अबिसा लिहिलंय की! मग आता नाही काय म्हणतेस?'

अबिसा म्हणजे विचारणं! शेंबड्या पोराला कळतं! हो, सगळ्यांना कळतं, फक्त मला एकटीला कळलं नाही, कारण मला बोली शिकवायला तू होतास. अबिसा म्हणजे कौल. देवऋषीकडे जायचं, चपला बाहेर काढायच्या, पांढरी कोंबडी द्यायची आणि विचारायचं, आमचा माणूस गेला तो कुणाच्या हातानं? कुणी करणी करून खाल्लं? नाव सांगा. आणि हे मी कुठे लिहिलं? मयताच्या ब्लॉगवर! वर 'मेलेल्या माणसाला काय हवं होतं ते आधी विचारा' असा लेखही माझाच. ते पान वाचून कुणाला दुसरा अर्थ लागेल का रे?

चपला काढून येतात म्हणे. मान वाढला म्हणे. तुला माहीत होतं, दाप्या. गंमत म्हणून पत्रात लिहितोस आणि तुला सगळं माहीत होतं.

पान मी काल बंद केलं. तू फलक काढ, ती कोंबडी ज्याची त्याला परत दे, पांढरा शर्ट चुलीत घाल. आणि मला लिही, या लोकांना तू आजवर उत्तरं काय दिलीस? एकूण एक लिही. मला झोप नाही.

बिरागो

•

आसूक्रोम
१२ एप्रिल

ताई,

शिव्या घालून झाल्या? आता माझं ऐक.

शब्द तू छापलास, मी नाही. मी सुचवला तेव्हा विचारणं या अर्थानंच सुचवला, देवाशपथ. पहिल्या आठवड्यात लोकांचे फोन यायला लागले तेव्हा मला कळलं ते काय समजलेत. मी कळवणारच होतो. पण त्याच आठवड्यात तुझा निरोप आला, 'दापा, पहिल्यांदा घरभाडं ब्लॉगमधून दिलं, मी नाचले.' तुझं नाचणं थांबवायला मी कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि तू कुणावर ओरडतेस? तू तेमाला गेलीस. बाबांचं अर्धांगवायूचं आजारपण कुणी काढलं? त्यांची अंथरुणं कुणी धुतली? तू पत्रं लिहायचीस. शनिवारी-रविवारी मयताचं जेवण रांधायला गावोगाव फिरलीस, पण बाबांना भरवायला आली नाहीस. मी आयुष्यभर लोकांच्या फुटक्या काचा बदलल्या. पहिल्यांदा कुणी मला 'साहेब, सांगा' म्हणालं, तर लगेच तुझ्या पोटात दुखलं.

मी कुणाचं वाईट केलेलं नाही. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना उत्तर हवं असतं, नाहीतर ते वेडे होतात. डॉक्टर इंग्रजीत चार शब्द बोलतो आणि निघून जातो. मी निदान त्यांच्याशी बोलतो. आणि नाव मी कधीच कुणाचं घेत नाही, एवढी अक्कल मला आहे. सगळ्यांना एकच उत्तर देतो, जरा आवाज जाड करून : 'लांब जाऊ नका. घरातच बघा. ज्या हातानं शेवटचं वाढलं तो हात बघा.' बस. यातून कुणाला काय कळणार? ते आपले समाधानानं फोन ठेवतात.

एका गावात म्हणे असं बोलल्यावर कुणा म्हातारीला घर सोडावं लागलं. क्वादवो सांगत होता. पण ते त्यांच्या घरातलं जुनं भांडण असणार, माझ्या एका वाक्यानं कुणी म्हातारीला घराबाहेर काढतं का?

फलक काढलाय. कोंबडी परत घ्यायला कोणी तयार नाही.

दापा

•

तेमा
२० एप्रिल

दापा,

त्या म्हातारीला नाव आहे. ती माझ्या स्वयंपाकघरात बसलीय.

दुफीमावशी परवा क्वादवोच्याच बसनं आली. पायात एकच चप्पल. एक गाठोडं आणि हातात वाटायचा लाकडी बत्ता. भांडं नाही, नुसता बत्ता. मी म्हटलं, मावशी, भांडं कुठे? म्हणाली, 'फोडलं त्यांनी. म्हणाले यातच मी माझ्या भावाचा जीव वाटला.' तिच्या आईचं भांडं होतं ते, दाप्या. आपली लहानपणची मिरची त्यात वाटलेली.

ऐक आता. आन्त्वीला रक्तदाबानं झटका आला, दवाखान्याच्या कागदावर तसं लिहिलंय. पण त्याचा थोरला मुलगा बोआतेंग ब्लॉग वाचतो. त्यानं अंगणात सगळ्या खानदानासमोर तुला फोन लावला, आवाज मोठा करून, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. मावशी त्यांनाच वाढत होती तेव्हा. हातात कोनफळाचं ताट होतं. आणि फोनमधून आवाज आला : घरातच बघा. ज्या हातानं शेवटचं वाढलं तो हात बघा.

सगळ्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. हे ती मला असं सांगत होती जसं काही दुसऱ्या कुणाचं झालं. 'ताट ठेवायला जागा नव्हती गं, म्हणून मी धरूनच उभी राहिले.'

आणि हे वाच, नीट वाच, दोनदा वाच. तिनं तुझा आवाज ओळखला. तू कितीही जाड केलास तरी. मी विचारलं, मग मावशी, तू बोलली का नाहीस, हा देवऋषी नाही, हा आमचा दापा आहे, मोबाइल दुरुस्त करतो, असं का नाही ओरडलीस? तर माझ्याकडे बघून म्हणाली, 'अगं, ते सगळे तापलेले होते. दुकानात जाऊन मारलं असतं त्याला.'

मी मोरीत जाऊन नळ सोडून ओरडले. मला तुला मारावंसं वाटतं. आणि हो, मला माझंही तोंड फोडावंसं वाटतं, त्या घरभाड्यात तिचं घर गेलं आणि मी नाचले. बाबांबद्दल लिहिलंस ते खरं आहे, त्याबद्दल तुला जे बोलायचं ते कधीही बोल, मी ऐकेन. पण ते तिच्या डोक्यावर ठेवू नकोस.

आता ती एकच गोष्ट बोलते. आन्त्वीचं मयत ११ मेला, शनिवारी आहे. पाठच्या भावाच्या मयताला बहीण पहिल्या रांगेत बसते. नेसायचं काळंलाल तिनं गाठोड्यातून काढून ठेवलंय, दोनदा धुऊन झालं. मुलांनी निरोप पाठवलाय, पाय ठेवलास तर बघ. ती म्हणते, 'मी नाही गेले तर सगळे म्हणतील खरंच होतं. आणि तो म्हणेल, दुफी आली नाही.' तो म्हणजे आन्त्वी.

मी म्हटलं मी घेऊन जाते. नको म्हणाली. 'बोलला तो दापा. न्यायलाही त्यानंच यावं.'

तर तू शुक्रवारी बसथांब्यावर येशील. शनिवारी तिच्याबरोबर त्या मंडपात जाशील. आणि सगळ्यांसमोर सांगशील तू कोण आहेस ते.

बिरागो

•

आसूक्रोम
२८ एप्रिल

ताई,

मला माहीत नव्हतं. रोज इतके फोन यायचे, मी नाव-गाव विचारतच नव्हतो. मला खरंच माहीत नव्हतं.

पण तू जे सांगतेस ते नाही होणार. तुला तेमात बसून कळत नाही. बेम्पोसोत मी तोंड उघडलं तर दुकान जाळतील, मला जिवंत सोडणार नाहीत. आणि माझ्या बोलण्यानं काही होणारही नाही. ते म्हणतील, म्हातारीनं याची जीभ बांधली, बघा किती जबर चेटकीण आहे. मग तिचे आणखी हाल. तिला तिकडेच ठेव. मी दर महिन्याला तिच्यासाठी काहीतरी पाठवत जाईन. हवं तर आसूक्रोमला माझ्याकडे आण, मी सांभाळतो, बाबांना सांभाळलं तसं. पण मयताला नको.

दुसरं काहीही सांग, ताई.

दापा

•

तेमा
५ मे

ती शुक्रवारी दुपारच्या बसनं येतेय. क्वादवोच्या मागच्या सीटवर. तू थांब्यावर असलास तर असशील, नसलास तर ती चालत बेम्पोसोला जाईल. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, 'घाबरलाय पोर. त्याला सांग, मी असेन ना बरोबर.'

लाज असली तर ये.

बि.

•

आसूक्रोम
१४ मे

ताई,

गेलो होतो.

मावशी थांब्यावर उतरली तेव्हा मी तिच्याकडे बघू शकलो नाही. तिनं माझा पांढरा शर्ट बघितला. (दुसरा धुतलेला नव्हता.) म्हणाली, 'हे काय घातलंस? मयताला जायचंय. काळं नाही का काही?' झालं, एवढंच बोलली. मी शेजाऱ्याकडून काळा सदरा आणला, तो मला आखूड होता.

शनिवारी गेलो. भलामोठा मंडप, भोंगे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळं तू ब्लॉगवर करू नका म्हणतेस तसं. मावशी सरळ पहिल्या रांगेत गेली आणि आन्त्वीच्या मोठ्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसली. मी शेजारी. आमच्या दोन्ही बाजूंच्या बायका उठून गेल्या. बोआतेंग तावातावानं आला, पण गावचे वडीलधारे समोर बसलेले, फोटो काढणारा उभा, तेव्हा त्याला काही करता येईना. नुसता माझ्या कानाशी म्हणाला, 'संध्याकाळपर्यंत वाट बघ.'

मग कुणी मयताला किती दिलं त्या देणग्या माइकवरून पुकारायला सुरुवात झाली. मी पाकीट घेऊन पुकारणाऱ्याकडे गेलो, त्यानं माझं नाव घेतलं, आणि मी त्याच्या हातातला माइक ओढला. मी म्हटलं, मी आसूक्रोमचा दापा, मोबाइल दुरुस्त करतो. फोनवर कौल देणारा मीच. मला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. सगळ्यांना एकच वाक्य सांगायचो, आवाज जाड करून. आणि त्या आवाजात ते वाक्य म्हणून दाखवलं.

आधी लोक हसले, त्यांना वाटलं दारू प्यालोय. मग कुणीतरी मागून पाण्याची पिशवी फेकली, ती माझ्या कपाळावर फुटली. मग बऱ्याच आल्या. मी म्हटलं होतं तेच झालं, एक बाई ओरडली, 'हिनंच जीभ बांधलीय त्याची!' बोआतेंग मात्र उठून माझ्याकडे आला. तो आवाज त्यानं ओळखला होता. त्यानं माइक काढून घेतला आणि मला ढकललं. मारलं नाही. मी ओलाचिंब येऊन मावशीशेजारी बसलो. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, सगळ्यांसमोर, मी लहान असताना पुसायची तसं, जोरात.

मग पाहुणे यायला लागले. तुला माहीतच आहे, उजवीकडून सुरू करून एकेकाचा हात हातात घेत रांगेनं पुढे जायचं. आमच्यापाशी आले की हात खाली. आमच्या दोन खुर्च्या सोडून पुढच्याचा हात. एकामागून एक. मावशी मात्र प्रत्येकासमोर हात पुढे करायची. कुणी घेतला नाही की मांडीवर ठेवायची, पुढचा आला की पुन्हा पुढे. मी म्हटलं, 'मावशी, राहू दे ना आता.' तर मलाच रागावली, 'लोक भावाला भेटायला आलेत माझ्या. हात पुढे करायला नको?' मला इतका राग आला होता, ताई, त्या लोकांचा, बोआतेंगचा, तुझाही, पण तो सगळा फिरून माझ्यावरच येत होता आणि मला उठताही येत नव्हतं.

दुपारी एक बस आली लांबून, आन्त्वीच्या जुन्या नोकरीतली माणसं. त्यांच्यात सगळ्यांत पुढे एक म्हातारा होता, त्याला कमी ऐकू येत असावं. तो कुणाकडे न बघता हात हलवत हलवत आला, मावशीचा हात घेतला, हलवला आणि तिथेच थांबला. मोठ्यानं विचारलं, 'तुम्ही त्याच्या कोण?'

'बहीण,' मावशी म्हणाली.

'काय?'

'बहीण! त्याची बहीण मी!' ती ओरडली. सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

'दुए, दुए, फार वाईट झालं,' म्हातारा म्हणाला, आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून खूप वेळ उभा राहिला. त्याच्या मागे सगळी बस उभी. रांग तुंबली. मग तो पुढे सरकला, आणि त्याच्यामागच्या माणसानंही हात पुढे केला, कारण पुढच्यानं केला होता. आणि त्याच्यामागच्यानंही. त्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांच्या मागोमाग बेम्पोसोच्याच चार बायका रांगेत घुसल्या होत्या, त्यांच्याही हातांना मावशीचा हात लागून गेला. एकीच्या तर लक्षात आलं ती पुढच्या खुर्चीला गेल्यावर. आपल्या तळव्याकडे बघत राहिली. पण पदराला पुसला नाही, एवढं मी बघितलं.

सगळं नीट झालं असं नाही. संध्याकाळी घरात तिला घेतलं नाही, ती माझ्याकडेच आहे. बोआतेंग निघताना आला आणि म्हणाला, 'मला बापाचं उत्तर हवं होतं.' मी म्हटलं, 'रक्तदाब.' त्यानं माझ्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं आणि गेला. काल मात्र त्याच्या बायकोनं मावशीची दुसरी चप्पल एका पोत्यात घालून पाठवली. सोबत निरोप काही नाही. मावशी म्हणते पुरल्यापासून चाळिसाव्या दिवशी पुन्हा जायचं. मी येतो म्हटलंय.

फोन मी बंद करणार होतो. मावशीनं करू दिला नाही. म्हणाली, ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांना कोण सांगणार? तू दिलंस त्या कामापेक्षा वाईट काम दिलंय तिनं मला. म्हणून आता एकेकाला सांगतो, हा कौल नाही, मला काही कळत नाही, तुमच्या घरात कुणी काही केलं नाही. शिव्या खातो. एक जण म्हणाला, फी परत दे, ती देतोय. तुझ्या वाट्याचीही पाठव.

आज सकाळी एका बाईचा फोन आला. तिचा मुलगा गेला, पंधरा वर्षांचा, काविळीनं. तिनं विचारलं, कुणी केलं? मी म्हटलं, कुणीच नाही बाई, कावीळ झाली. ती ओरडली, मग ते अबिसा-अबिसा कशाला लिहिलं होतं भडव्यांनो, इतके दिवस मी या नंबरसाठी पैसे साठवले! खूप वेळ शिव्या घातल्या. मी फोन धरून उभा होतो. मावशी चुलीपाशी बसून बघत होती. मग ती बाई दमली. रडली. मग खूप हळू विचारलं, 'बरं. मग पोराला पुरायचं कसं, ते तरी सांगाल का? घरात काही नाही. आणि सासरचे म्हणतात मंडप हवाच.'

ताई, मला ते येत नाही. मी म्हटलं, थांबा बाई, ठेवू नका, मी माझ्या बहिणीला विचारून सांगतो.

दापा